किती जनावरं आहेत?

आमच्या गावातल्या शेतकी दुकानात मी पहिल्यांदा गेले ती टाचांच्या भेगांपायी. दहा वर्षांपूर्वी नवऱ्याला विद्यापीठात नोकरी लागली आणि आम्ही अमेरिकेत, आयडाहो राज्यातल्या मॉस्कोत येऊन पडलो. (लातूरच्या निम्म्या नातेवाइकांनी आम्ही रशियालाच गेलो असं धरलं होतं. एका मावशीचा तो समज अजून गेलेला नाही आणि आता मीही तो घालवायच्या भानगडीत पडत नाही.) पहिल्याच हिवाळ्यात, बाहेर बर्फ आणि घरात हीटरची कोरडी हवा, टाचा अशा फुटल्या की चादरीचे धागे त्यात अडकायला लागले. महागाची तीन क्रीमं झाली. शेवटी शेजारीण म्हणाली, "गुराढोरांच्या दुकानात जा आणि बॅग बामचा हिरवा डबा माग."

डबा चौकोनी, झाकणावर गाईचं तोंड. गाईच्या कासेला लावायचं मलम हे, १८९९ पासून चालत आलेलं. गल्ल्यावरच्या आजोबांनी डबा पिशवीत घालता घालता सहज विचारलं, "किती जनावरं आहेत तुमच्याकडे?"

"एकही नाही," मी म्हटलं. "दोन टाचा आहेत."

आजोबा हसले नाहीत. काउंटरवर दोन्ही हात ठेवून मला नीट सांगायला लागले: रात्री लावा, वर जुने मोजे घाला, सकाळी धुवा. वासराच्या खुरांबद्दल सांगावं त्याच गांभीर्यानं. चार रात्रींत टाचा मिटल्या. आणि मला त्या दुकानाची चटक लागली ती लागलीच.

माझ्याकडे गाय नाही, घोडा नाही, शेत नाही. अंगण आहे, त्यातही हरणं येऊन ट्यूलिप खाऊन जातात. तरी महिन्यातून एकदा माझी त्या दुकानात फेरी असते. आत शिरताच वास येतो तो आधी पेंडीचा, मग चामड्याचा, मग मळी घातलेल्या घोड्यांच्या खुराकाचा. हा शेवटचा वास म्हणजे थेट गुऱ्हाळ. अल्फाल्फा म्हणून ज्याच्या गोळ्यांची पोती लावलेली असतात, तो आपलाच लसूणघास. हे कळलं त्या दिवशी मी पोत्याला नाक लावून उभी होते आणि मागून एक काऊबॉय टोपीवाला अदबीनं वाट मागत होता.

इथं प्रत्येक वस्तू कशासाठी आहे ते तिच्याकडे बघून कळतं. गुरांनी चाटायच्या मिठाच्या विटा, पांढऱ्या आणि तांबूस, एकेक ५० पौंडांची. जनावरांच्या तोंडाला बांधायच्या म्होरक्या. जस्ती पत्र्याच्या डोणी, गुरांना पाणी पाजायच्या. गवताचे गठ्ठे बांधायची सुतळी, तिचे डोक्याएवढे गुंडे. गावातल्या इतर दुकानांत मेणबत्तीला 'शरद ऋतूतली शांत संध्याकाळ' अशी नावं असतात. इथं खिळ्याला खिळाच म्हणतात. मार्च-एप्रिलात लाल दिव्यांच्या उबेखाली कोंबडीची पिल्लं येतात आणि अख्खं दुकान चिवचिवायला लागतं. एक पिल्लू विकत मिळत नाही, कमीत कमी सहा घ्यावी लागतात. दर वर्षी मी तिथं उकिडवी बसून सहा पिल्लं मनातल्या मनात निवडते आणि दर वर्षी नवरा गाडीतून हॉर्न वाजवतो.

पण खरी गंमत दुकानाबाहेर आहे. या मुलखाला पलूस म्हणतात. (सांगलीतलं पलूस ते वेगळं. मराठी माणसाच्या पत्त्यात मॉस्को आणि पलूस एकत्र यावेत, हा योग दुर्मीळच!) वाऱ्यानं वाहून आणलेल्या मऊ मातीच्या टेकड्या, एकीला लागून दुसरी, झोपलेल्या म्हशींच्या पाठीसारख्या. या चढउतारावर पाटाचं पाणी न देता गहू पिकतो. उतारावर कलंडू नये म्हणून इथल्या कापणीयंत्रांची चाकं वरखाली होतात आणि धड सपाट राहतं. आणि गव्हाशी आलटून पालटून काय पेरतात? मसूर. वाटाणा. काबुली हरभरा. इथले शेतकरी मातीतल्या नत्राबद्दल बोलायला लागतात तेव्हा मला आजोळचा एकच शब्द आठवतो, बेवड, म्हणजे आधीच्या पिकानं जमिनीत मागे ठेवलेला कस. हरभऱ्याचा बेवड गव्हाला चांगला, हे माझ्या आजोबांना ठाऊक होतं आणि सीडच्या कंपनीची टोपी घातलेल्या इथल्या आजोबांनाही ठाऊक आहे. दोघांची भेट झाली असती तर तंबाखूवरून बोलणं सुरू होऊन संध्याकाळ झाली असती.

माझे वडील लातूरला भुसाराच्या अडतीवर दिवाणजी होते. अण्णांनी जन्मभर हिशेबाच्या पट्ट्या लिहिल्या आणि तूर, हरभरा दाताखाली धरून पारखला. त्यामुळे डाळ पाकिटातून घेणं हा आमच्या घरी कमीपणा होता. इथं आल्यावर पहिली दोन वर्षं मी तो कमीपणा निमूटपणे सोसला. दीड तास गाडी हाणत स्पोकेनला जायचं, देशी दुकानातून मसुरीची पाकिटं आणायची. एकदा पाकीट उलटं करून बघितलं तर बारीक अक्षरात लिहिलेलं, माल अमेरिकेचा. म्हणजे मी कुणास ठाऊक कुठल्या टेकडीवरची मसूर, कुठल्या कुठल्या गोदामांतून फिरून आल्यावर, त्याच टेकड्या ओलांडून घरी आणत होते.

मग मॉस्को फूड को-ऑप सापडलं. १९७३ पासूनचं सभासदांच्या मालकीचं किराणा दुकान. तिथं सुट्या धान्याच्या डब्यांची रांग आहे. झाकण उघडायचं, पळीनं माप घ्यायचं, डब्यावरचा आकडा पिशवीच्या बंदावर पेन्सिलीनं लिहायचा. हिरवी मसूर, तपकिरी बारीक मसूर, सोललेला पिवळा वाटाणा, हरभरे टपोरे. मी पहिल्या दिवशी तिथूनच अण्णांना व्हिडिओ कॉल लावला.

"एक दाणा चाव," अण्णा म्हणाले.

"अण्णा, दुकान आहे."

"म्हणून तर. कट्कन वाजला पाहिजे. चेंबला तर ओल आहे."

इकडंतिकडं बघून चावला. वाजला. त्यांना फोनवरून ऐकू आला. मग त्यांचा पुढचा प्रश्न, क्विंटलचा भाव काय? आता इथं शेतकऱ्याचा माल शंभर पौंडांच्या हिशेबानं जातो आणि को-ऑपमध्ये पौंडावर मिळतो. शंभर पौंड म्हणजे साडेपंचेचाळीस किलोंच्या जरा आत. अण्णांनी कागद घेतला, डॉलरचा भाव विचारला, आकडेमोड केली आणि गप्प झाले. "एवढ्यात शेतकऱ्याला किती सुटतात?" असं विचारलं. मला माहीत नव्हतं. तो प्रश्न मी शेतकी दुकानात नेला, आणि तिथं भलताच हिशेब माझ्या गळ्यात पडला.

कारण ते दिवस वाईट होते. २०१७ च्या अखेरीला भारतानं हरभरा-मसुरीवर ३० टक्के आयात शुल्क लावलेलं होतं. जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या मालावर त्यात आणखी भर पडली. गल्ल्यापाशी कॉफी पीत उभा असलेला एक उंच शेतकरी मला म्हणाला, "मॅम, तुम्ही लोक आमची मसूर का घेत नाही?" जणू शुल्काच्या कागदावर सही माझीच. मी म्हटलं, "मी दर आठवड्याला दोन पौंड घेते." त्यानं मान डोलावली, बायकोला सांगतो म्हणाला. ते जादाचं शुल्क सप्टेंबर २०२३ मध्ये उठलं. त्यानंतर तोच माणूस भेटला तेव्हा त्यानं मला टोपी काढून दाखवली. मी काही केलेलं नव्हतं. तरी नमस्कार घेतला.

आठ मैलांवर पुलमन, पण ते वॉशिंग्टन राज्यात. मध्ये राज्याची सीमा. आयडाहोत किराण्यावर सहा टक्के विक्रीकर, पलीकडं नाही, त्यामुळे काटकसरी लोकांची गाडी पलीकडं वळते. पुलमनला १९८९ पासून दर ऑगस्टमध्ये चक्क मसुरीची जत्रा भरते, प्रचंड कढईत मसुरीची उसळ शिजते. तिच्यात काळा मसाला नाही, एवढंच म्हणते. मला पुलमन आवडतं ते तिथल्या विद्यापीठाच्या क्रीमरीपायी, म्हणजे दुग्धशाळेपायी. तिथं फर्डिनंड्स नावाचं दुकान आहे, आइस्क्रीमचं, आणि तिथं डब्यात बंद केलेलं चीज मिळतं, कूगर गोल्ड. एक वर्ष मुरवलेलं, ३० औंसांचा गोल डबा. गोल्ड हे नाव गोल्डिंग नावाच्या प्राध्यापकांवरून. मी तो डबा एकदा लातूरला नेला. अण्णांनी तो हलवून बघितला, काही हलेना. आईनं वाट्या मांडून ठेवल्या होत्या. डबा म्हटलं की रसगुल्ले, आणि रसगुल्ले म्हटलं की पाक, असा त्या घरचा हिशेब. आतून निघाला पिवळट दगड. अण्णांनी एक तुकडा दाताखाली धरला, बराच वेळ धरला आणि म्हणाले, "ओल आहे."

मे ते ऑक्टोबर शनिवारी आमच्या मेन स्ट्रीटवर बाजार भरतो, त्याबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल. एवढंच सांगते की ऑगस्टमध्ये तिथं हकलबेरी येतात. जांभळ्या, वाटाण्याएवढ्या, डोंगरातला रानमेवा. लागवड जमत नाही, अस्वलांच्या तावडीतून वेचून आणाव्या लागतात. वेचणाऱ्याला जागा विचारली तर तो हवामानाबद्दल बोलायला लागतो.

आणि गावाबाहेरच्या वळणावर एक दुकान आहे ज्यात दुकानदारच नाही. खांबाला टेकून एक बर्फाची पेटी, आत अंडी, बाजूला कॉफीचा रिकामा डबा पैशांसाठी. एकदा माझ्याकडे सुटे नव्हते. अंडी परत ठेवून निघाले तर पाटीखाली पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं, 'पैसे नंतर टाका.' मी अंडी घेतली. घरी येऊन ऑम्लेट करायच्या आधी पाच डॉलर टाकायला परत गेले, चौदा मिनिटांचा रस्ता. डब्यात बघते तर नोटांबरोबर दोन चिठ्ठ्या, एकीवर 'मंगळवारी देते', दुसरीवर नुसतं 'अंडी छान'.

आईचा काल फोन होता. तिच्या टाचांना आम्ही लहान असताना कोकमतेल लागायचं, वाटीत गरम करून. आता तिला ते चालत नाही. गाईचं मलम संपलंय, येताना दोन डबे आण म्हणाली, एक शेजारच्या काकूंना. मी आज दुकानात गेले. आजोबांनी दोन डबे काढले आणि विचारलं, "वाढवलीत का जनावरं?"