तुम्ही विचारलंत म्हणून : माझ्या यादीत ‘मा रेवा’ का नाही

दर डिसेंबरात आपण मित्रमंडळी ‘इंडियन ओशन’ या बँडच्या गाण्यांची यादी करायला बसतो. प्रत्येकानं आपली दहा गाणी क्रमानं लिहून आणायची, मग रात्रभर भांडायचं. आणि दर वेळी माझा कागद फिरत फिरत कोणाच्या तरी हातात थांबतो. ‘लीव्हिंग होम’ पहिलं, हे एक वेळ समजू. पण ‘मा रेवा’ दहांतसुद्धा नाही? तू नंदुरबारकडचा ना? नर्मदेचं गाणं, आणि तुझ्याच यादीत नाही? कार्यक्रमात बँडच्या राहुल रामनं ते सुरू केलं की मी उठून बाहेर जातो, हेही तुमच्या लक्षात आलंय. मागच्या खेपेला एकीनं सरळ विचारलं, तुझं त्या गाण्याशी भांडण आहे का?

इतकी वर्षं मी वेगवेगळी उत्तरं दिली. फार ऐकून झालंय. गर्दीनं ओरडायचं गाणं झालंय ते. लाइव्हमध्ये लांबवतात. यातलं एकही पूर्ण खोटं नाही, पण एकाही उत्तरानं तुमचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही. यंदा लिहूनच काढतो, म्हणजे पुन्हा विचारू नका.

नंबर लावण्याचा खेळच पोरकट आहे असं म्हणून मी निसटणार नाही. मला तो खेळ मनापासून आवडतो. ‘कांदिसा’ म्हणजे केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची अरमाइक भाषेतली प्रार्थना. तिचा एक शब्द आपल्याला कळत नाही, तरी आपल्यातले निम्मे लोक ती डोळे मिटून पहिली का लावतात, हे नंबर लावायला बसल्याशिवाय कोणी स्वतःला विचारलं असतं का? ‘बंदे’ सिनेमातलं गाणं म्हणून बाद करा, असं दर वर्षी कोणीतरी म्हणतं आणि दर वर्षी मी चिडतो. तो सिनेमा, ‘ब्लॅक फ्रायडे’, कोर्टात अडकून २००७च्या फेब्रुवारीत थिएटरला लागला, गाणी २००५ पासून बाजारात होती. आपण ती सिनेमाआधी पाठ केली, ती सिनेमाची कशी? आणि बँडमधला आशीम चक्रवर्ती. २५ डिसेंबर २००९ला तो गेला, आणि त्यानंतरचं काहीही पहिल्या पाचांत घ्यायचं नाही असा आपल्यातल्या काहींचा हट्ट आहे. मला तो पटत नाही, पण कळतो. त्याचा तबला आणि त्याचा आवाज एकाच अंगातून यायचे. तसं पुन्हा कुठे ऐकलं?

तर ‘लीव्हिंग होम’ आधी संगीत म्हणूनच ऐका. शब्द नाहीत. सुस्मित सेनची अकूस्टिक गिटार, आणि ती गिटार असूनही कुठल्या पाश्चात्त्य गाण्याची आठवण होत नाही. तार छेडल्यावर सूर जरा वळतो, रेंगाळतो, मग पुढे जातो. तालवाद्यं घाई करत नाहीत. २०१३ मध्ये सुस्मित बँड सोडून गेला तेव्हा मला सगळ्यांत आधी हीच चाल आठवली. पहिल्या नंबरला एवढं कारण पुरेसं आहे असं मी आजही म्हणतो. पण हे ऐकून तुमचं पुढचं वाक्य येणारच : मग ‘मा रेवा’ दुसरं घे, पाचवं घे, दहावं तरी घे.

ते होत नाही, कारण एकदा मी ते पहिलं आणलं होतं.

२००२ साल, धुळ्यातलं होस्टेल, हिवाळा. ‘कांदिसा’ची कॅसेट येऊन दोनेक वर्षं झाली होती. सात गाणी, आमच्या मजल्यावर सगळ्यांना तोंडपाठ. कोणाच्या तरी डोक्यात आलं की पहिलं कुठलं ते मतदानानं ठरवू. भिंतीवर पाठकोरा कागद लावला, बारा नावं, नावापुढं गाणं. अकरा मतं पडली : ‘कांदिसा’ पाच, ‘मा रेवा’ पाच, कवी गोरख पांडेंच्या ‘हिल्ले ले’ला एक. बारावं मत माझ्या खोलीतल्या मित्राचं राहिलं होतं.

तो पावरा आदिवासी. धडगावच्या बाजूला, अक्राणी तालुक्यात, नर्मदेच्या काठावर त्याचं गाव. महाराष्ट्रातली जी ३३ गावं नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात जायची होती त्यातलं. मी शहाद्याचा, म्हणजे सपाटीवरचा. आमच्याकडे ऊस, केळी, पपई. डोंगरातली माणसं आमच्याकडे मजुरीला यायची. हे तुम्हाला सांगायला हवं, कारण त्या वेळी मला ते सांगण्यासारखं वाटत नव्हतं. जिल्हा एक, नदी एक, गाणं एक, इतकं सरळ होतं माझ्या डोक्यात. १८ ऑक्टोबर २०००ला सुप्रीम कोर्टानं धरणाची उंची ९० मीटरपर्यंत न्यायला परवानगी दिली, त्याच वर्षी ही कॅसेट आली होती, आणि मी ते दोन्ही एका दमात सगळ्यांना सांगत फिरायचो. राहुल राम स्वतः नर्मदा बचाओ आंदोलनात होता, खोऱ्यात राहून त्यानं हे गाणं उचललं, हेही. मित्राचं मत कुठं जाणार याची मला इतकी खात्री होती की मी त्याला विचारायचंच विसरलो होतो.

रात्री टेप त्याच्या खाटेवर ठेवला. ‘मा रेवा’ लावलं. रेवामाई, तुझं पाणी निर्मळ, खळखळ वाहत जातं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मी म्हटलं, “तुमच्या नदीचं गाणं आहे.”

“आमचं नाही,” तो म्हणाला. “बोली निमाडची आहे, मध्य प्रदेशातली.”

“पण आंदोलनात सगळीकडे म्हणतात. तू ऐकलं असशील.”

“ऐकलंय. मोर्चात म्हटलंयसुद्धा.” मग जरा थांबून, “मोर्चात म्हणायचं म्हणून चांगलं आहे.”

मग त्यानं ‘लीव्हिंग होम’ लावायला सांगितलं. ते संपल्यावर पुन्हा रिवाइंड करायला सांगितलं. सेल उतरत आले होते, दुसऱ्या वेळी गिटार जरा जड, ओढल्यासारखी वाजली. तो म्हणाला, “हे लिही.” मी का म्हणून विचारलं. “यात कोणी काही सांगत नाही.”

तो झोपल्यावर मी कागदाशी गेलो. त्याच्या नावापुढं आधी ‘लीव्हिंग होम’ लिहिलं. खरंच लिहिलं. मग उभा राहून बघत बसलो. पाच-पाच. नर्मदाकाठच्या पोराचं मत, आणि ‘मा रेवा’ जिंकत नाही. मला ते चुकीचं वाटलं. अगदी अन्यायासारखं वाटलं, हे आज लिहितानाही अंगावर येतं. मी त्यावर रेघ मारली आणि बाजूला ‘मा रेवा’ लिहिलं. सहा-पाच.

सकाळी दात घासता घासता त्यानं ते वाचलं. मी मागं उभा होतो. चूळ भरून आला आणि विचारलं, “मी काय सांगितलं ते तुला ऐकू आलं होतं ना?”

मी म्हटलं, “अरे, तू तिथला. तुझं मत ‘मा रेवा’लाच पाहिजे.”

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “आमच्या घरी पंचनाम्याला आले होते तेव्हा बापानं मोठ्या भावाचं वय सांगितलं. लिहिणाऱ्यानं कमी लिहिलं. म्हणाला, एवढा मोठा दिसत नाही.” टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला गेला.

त्या वयाचा अर्थ मला तेव्हा नीट कळला नव्हता. नंतर कळला. राज्यांमधल्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या नर्मदा लवादाच्या १९७९च्या निवाड्याप्रमाणे जमीनधारकाच्या सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब धरायचं होतं, किमान दोन हेक्टर जमिनीचं हक्कदार. वय कमी लिहिलं की मुलगा बापाच्या कुटुंबात गेला, आणि जमीन गेली. एका माणसानं दुसऱ्याच्या तोंडचं ऐकून आपल्याला पटेल ते लिहायचं, एवढंच त्यात होतं. माझ्या हातात कागदही तसाच होता.

होळीला तो गावी गेला. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारांपासून होळीपर्यंत डोंगरातलं कोणीच होस्टेलात थांबत नाही, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. तो परत आला नाही. माझ्यामुळे आला नाही असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं झालं. त्या घराला पाणी, जमीन, स्थलांतर असं शंभर गोष्टींनी घेरलं होतं. पण मी त्याला शोधलंही नाही. तळोद्याकडे, जंगल तोडून वसवलेल्या पुनर्वसन गावांपर्यंत, शहाद्याहून एसटीनं सहज जाता आलं असतं. मी गेलो नाही. हे मी आजवर तुमच्यापैकी कोणालाही सांगितलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात गाण्याचा काय दोष? काही नाही. मी हेच तर म्हणतोय. राहुल रामनं ते गाणं उसनं आणून मिरवलं असं कोणी म्हटलं तर त्याच्याशी पहिला मी भांडेन. तो त्या खोऱ्यात होता, त्यानं ते तिथल्या माणसांकडून घेतलं आणि जिथं जिथं गायलं तिथं नर्मदेचं नाव नेलं. ज्यांनी सातपुडा पाहिलेला नाही अशा किती मुलांना नर्मदेचा प्रश्न त्या गाण्यातून कळला! आणि निमाडातल्या माणसाला विचारलंत तर ते त्याचंच गाणं आहे, माझ्या मित्राचा ‘आमचं नाही’ तिथं लागू नाही.

मग मी ते यादीत का घेत नाही? एका मनाला वाटतं, मी त्याचं मत परत करतोय. दुसरं मन म्हणतं, ही शुद्ध ढोंगबाजी आहे. तेव्हा त्याच्या वतीनं ‘मा रेवा’ पहिलं लावलंस, आता त्याच्याच वतीनं ‘लीव्हिंग होम’ पहिलं लावतोस, दोन्ही वेळा पेन तुझ्याच हातात. याला माझ्याकडे उत्तर नाही. ‘लीव्हिंग होम’ मला खरोखर इतकं आवडतं का, की त्या रात्रीचे उतरलेले सेल मला त्यात अजून ऐकू येतात? गिटार ऐकताना मला फरक करता येत नाही. आणि गाण्याचं नाव बघून तुम्ही जे म्हणणार आहात ते कृपा करून म्हणू नका. घर सोडणं, वगैरे. त्यानं नाव वाचून निवडलं असं मी मानत नाही. कॅसेटचं कव्हर माझ्याकडे होतं, टेप त्याच्या खाटेवर. त्यानं चाल ऐकली आणि चाल निवडली. त्याला इतकं तरी असू द्या.

कार्यक्रमात मी बाहेर जातो ते रागानं जात नाही. शेकडो लोक ‘रेवा’ म्हणून एका सुरात ओरडायला लागले की मला तो कागद दिसतो आणि त्या गर्दीत मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत असतो. २०१७ साली धरणाचे दरवाजे बंद झाले, २०१९ला पाणी पूर्ण पातळीला, १३८.६८ मीटरला पोहोचलं, त्या दोन्ही वेळी मला कोणी ना कोणी हेच गाणं पाठवलं होतं. मी ते लावलं नाही.

यंदाची माझी यादी तयार आहे. ‘कौन’ चौथं घेतलंय, ‘झीनी’ दुसरं, ‘बंदे’ तिसरं, आणि ‘कांदिसा’ सहाव्यावर उतरवलंय. ‘कांदिसा’वरून तुम्ही माझ्यावर तुटून पडणार हे मला माहीत आहे. पडा. त्यावर पहाटेपर्यंत बोलायची माझी तयारी आहे.