डबी आहे तशीच ठेवा: आमची वाटचाल

आमचं दुकान पुण्यात, रविवार पेठेत. बाबांनी सुरुवात केली ती शिलाई मशीनच्या दुरुस्तीने. सायकलच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधून ते शिंप्यांकडे जायचे. नवे सुटे भाग लुधियानाचे मिळत, पण सिंगर कंपनीच्या जुन्या मशीनला ते नीट बसतीलच असं नसे. म्हणून बुधवारी आणि रविवारी बाबा जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगात हात घालून बसलेले असत. एखादी शटल (खालचा धागा वरच्या धाग्यात गुंफणारा भाग), एखादी बॉबिन केस (खालच्या धाग्याच्या रिळाची डबी) मिळाली की तो दिवस चांगला.

मी दुकानात आलो आणि सुट्याऐवजी लॉट, म्हणजे एकगठ्ठा जुनं सामान, घ्यायला लागलो. पहिला मोठा लॉट मशीन दुरुस्त करणाऱ्या एका वारलेल्या मिस्त्रींच्या घरून मिळाला. दोन गोण्या आणि एक लाकडी खोकं, सगळं किलोवर. मला वाटलं, आधी धुऊन घेऊ. काड्यापेट्या, तपकिरीच्या डब्या, औषधाच्या बाटल्या, सगळं एका घमेल्यात ओतलं आणि वर रॉकेल घातलं. बाबा आले, घमेल्याकडे बघितलं आणि खाली बसले. म्हणाले, "अरे, एकेका डबीत एकेका मशीनचं सामान होतं. त्यांनी जन्मभर लावलेलं तू दहा मिनिटांत मोडलंस."

शिलाई मशीनचे पेच हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत. जाडी ११/६४ इंच आणि इंचाला ४० आटे, असं त्यांचं वेगळंच माप असतं. मिलिमीटरचा पेच दोन फेरे जातो, अडतो, आणि जोर केला तर मशीनच्या बॉडीतले आटे खातो. तो लॉट निवडण्यात आमचा अख्खा पावसाळा गेला.

निवडलं ते आईने. तांदूळ निवडावेत तशी ती सामान ताटात घेऊन बसायची. जुन्या सिंगरच्या भागांवर बारीक अक्षरांत 'सिमॅन्को' आणि नंबर ठोकलेला असतो, हे तिला भिंगातून दिसलं. सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं ते लघुरूप. त्या नंबरावरून भाग ओळखता येतो. आजही दुकानातला प्रत्येक खण तिच्या अक्षरातल्या चिठ्ठीवर चालतो.

आता लॉट बघायला गेलो की मी वजन शेवटी बघतो. आधी शटलच्या टोकावर नख फिरवतो. टोक बोथट असेल तर टाके सुटणार, मग बाकी शटल कितीही चकचकीत असो. पुलीला गंज चालतो. बॉबिन केसच्या आत मात्र ओरखडासुद्धा चालत नाही. लांबट बॉबिनची, बंदुकीच्या गोळीच्या आकाराची शटल दिसली तर मी घासाघीस करत नाही. सिंगर २७-२८ जातीच्या मशीनला दुसरं काही चालतच नाही.

चामडं शिवणाऱ्यांची सिंगर २९ के मशीन हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. तिचा माल दाबून धरणारा पाय चारी बाजूंना फिरतो आणि तोच माल ओढतो, त्यामुळे बुटाच्या आत शिरून कुठल्याही दिशेला शिवता येतं. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा सिंगरचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला, पण तिथे बनलेल्या मशीनवर आजही चपला शिवल्या जातात. ती मशीन एका झिजलेल्या दात्यासाठी बंद पडली तर त्या माणसाची रोजची मजुरीच बुडते.

२०२० च्या टाळेबंदीत मास्क शिवायला लोकांनी माळ्यावरच्या मशीन खाली काढल्या. रोज फोन यायचे. त्या मिस्त्रींच्या गोणीतले कितीतरी भाग तेव्हा कामाला लागले.

अवजारं मात्र मी विकत नाही. मशीनच्या पेचांच्या खाचा अरुंद आणि खोल असतात. बाजारातला स्क्रू ड्रायव्हर त्यात पुरता बसत नाही, घसरतो आणि पेचाचं डोकं बिघडवतो. म्हणून जुने मिस्त्री टोक स्वतः घासून पातळ करत. त्या लाकडी खोक्यात असे सात निघाले, सातही वेगळ्या जाडीचे. मुठी हाताच्या घामाने काळ्या झालेल्या. मी रोज तेच वापरतो.

घरात कुणा मिस्त्रींचं सामान पडून असेल तर आम्हाला दाखवा. फक्त ते धुऊ नका, एकत्र करू नका. डब्या आहेत तशा आणा. झाकणावर काही लिहिलेलं असेल तर तेही पुसू नका.