न्यू जर्सीत लेकीला गाडी शिकवताना

लेकीला सोळाव्या वर्षी शिकाऊ परमिट मिळाले, तेव्हा पुढचे सगळे ड्रायव्हिंग स्कूल बघून घेईल, अशी माझी समजूत होती. मी स्वतः सांगलीत चुलतभावाच्या जीपवर चार दिवसांत शिकलेलो. पण इथे स्कूलचे सक्तीचे तास अवघे सहा. १ फेब्रुवारी २०२५ पासून मात्र एकवीस वर्षांखालील शिकाऊ चालकाला अनुभवी परवानाधारकाला शेजारी बसवून ५० तासांचा सराव करावा लागतो, त्यांतले १० तास अंधारातले. आणि ते खरोखर झाले, असे सही करून द्यावे लागते. ती सही माझी असणार होती, म्हणून तासांची नोंद ठेवायला मी वही घातली.

परमिटवर रात्री ११ ते पहाटे ५ गाडी चालवता येत नाही आणि उन्हाळ्यात नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे अंधारातले तास मागेच पडले. नोव्हेंबरात पाचलाच काळोख होऊ लागला, तसे आम्ही दूध-भाजीच्या निमित्ताने एडिसन गावातल्या रूट २७ या रस्त्यावर जाऊ लागलो. एका पावसाळी संध्याकाळी, डावीकडे वळताना, समोरून गाडी येत असतानाच तिने पाय ब्रेकवरून काढला. मी ओरडलो, तिने करकचून ब्रेक दाबला. दुकानाच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग घट्ट धरून ती म्हणाली, "बाबा, दिवे किती लांब आहेत तेच कळलं नाही." दिवसा चाळीस तास सफाईने चालवणारी मुलगी होती ती! ओल्या रस्त्यावर दिव्यांच्या उजेडावरून अंतर जोखणे दिवसाच्या सरावातून येत नाही, हे मला त्या दिवशी उमगले. त्याच वळणावर आम्ही पुन्हा सहा फेऱ्या मारल्या.

सतराव्या वर्षी रोड टेस्ट सुरळीत पार पडली आणि प्रोबेशनरी लायसन्स, म्हणजे काही निर्बंध असलेला सुरुवातीचा परवाना, आले. नंबर प्लेटवरची लाल डिकल, म्हणजे नवख्या चालकाची खूण असलेली पट्टी, तशीच राहिली, गाडीत हँड्स-फ्री फोनलाही मनाई आणि पालक सोबत नसतील तर प्रवासी एकच. माझ्या मते या शेवटच्या नियमाइतका शहाणा नियम नाही, कारण गाडीत मित्रमंडळी वाढली की या वयात लक्ष विचलित होते आणि धोकाही वाढतो. मराठी मंडळाच्या पाडव्याच्या तालमीनंतर तिघी मैत्रिणी तिच्या गाडीपाशी येऊन उभ्या राहिल्या. "एकीलाच नेता येईल, कायदाच आहे तसा," असे तिने सांगितले. सगळ्यांसमोर "नको" म्हणणे त्या वयात किती जड जाते, ते मी जाणतो. ते ओझे कायद्याने उचलले होते. एकजण तिच्याबरोबर गेली आणि उरलेल्या दोघींना मी माझ्या गाडीतून घरी सोडले.