गेटवेच्या मागच्या पायऱ्या

गेटवेला फोटो काढायला आपण पन्नासदा जातो, पण कमानीमागच्या पायऱ्या उतरून लाँचमध्ये बसायचं राहूनच जातं. मुंबईत बावीस वर्षं काढल्यावर मी बसलो ते गेल्या जानेवारीत, आत्याला घारापुरी बेटावरची लेणी दाखवायच्या निमित्ताने.

धक्क्याला लाँच एकमेकींना खेटून उभ्या. आमची तिसरी. म्हणजे आधीच्या दोन लाँचमधून पलीकडे जायचं, आणि मधल्या फटीत पाणी वरखाली होतंय. "मावशी, खाली बघू नका, हात द्या!" खलाशी ओरडला. आत्याने नेमकं खाली बघितलं आणि डाव्या पायातली चप्पल पाण्यात. त्याने बांबूने ती शांतपणे वर काढली. रोजचंच काम असावं.

वर डेकवर बसायचे दहा रुपये वेगळे. वर कुरव पक्ष्यांना गाठ्या घालणाऱ्यांची झुंबड, म्हणून आम्ही खालीच बसलो. तिथून मागे वळून पाहिलं तेव्हा गेटवे पहिल्यांदा नीट दिसला. १९२४ साली खुली झालेली ही कमान पाण्यातून येणाऱ्यासाठी बांधलेली. आपण शहरातले तिच्या पाठीकडून जातो. इंग्रज फौजेची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ला इथूनच निघाली.

शेजारी बेटावरच्या एक बाई होत्या. पायाशी वाणसामानाची पिशवी, मांडीवर औषधांची. आमच्यासाठी सहल, त्यांच्यासाठी एसटी. बेटावर तीन वाड्या: राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर. समोर मुंबई, पण कागदपत्रांचं काम उरण तालुक्यात. समुद्राखालून केबल टाकून वीज आली ती २०१८ साली. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर. "तुमचे दिवे दिसायचे की इथून," त्या म्हणाल्या. आत्या एकदम गप्प झाली. मीही.

तासाभराने उतरलो. लेण्यांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, मी भर घालत नाही. सोमवारी बंद असतात आणि पायऱ्या शंभरावर आहेत, एवढं लक्षात ठेवा. त्रिमुखी महेशमूर्तीसमोर आत्या पंधरा मिनिटं उभी होती. पायऱ्यांवर माकडाने आमची काकडी पळवली.

परतताना ऊन कललं होतं. धक्क्यावर पुन्हा दोन लाँच मध्ये. आत्याने दोन्ही चपला आधीच पिशवीत टाकल्या होत्या, आणि खलाशाने हात पुढे करायच्या आत ती पलीकडे गेलीसुद्धा.