मुलीच्या हातात पुस्तक देण्याआधी

मुलांच्या पुस्तकांवर मागे '६ ते ८ वर्षे' असं छापलेलं असतं. त्यावरून मला फारसं काही ठरवता येत नाही. माझी मुलगी आठ वर्षांची, इंग्रजी माध्यमातली. घरात दिवसभर मराठी, त्यामुळे समज चांगली. पण वाचताना जोडाक्षर आलं की अडते. जी पुस्तकं तिला वाचता येतात ती तिला बाळबोध वाटतात, आणि ज्यांत ती रमते ती एकटीला वाचवत नाहीत. पुण्यात माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांत हीच तऱ्हा आहे.

म्हणून मी दोन प्रश्न वेगळे केले. तिला वाचता येईल का, आणि तिला पेलेल का.

पहिल्याचं उत्तर दुकानातच मिळतं. अप्पा बळवंत चौकात गेलो की पुस्तकातलं मधलंच एखादं पान तिला मोठ्यानं वाचायला सांगते. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपेपर्यंत पाचही मिटली, तर ते मी वाचून दाखवायचं. एकदोनच मिटली, तर तिचं तिनं. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशनाच्या गोष्टींना चार पातळ्या दिलेल्या असतात: पहिली नुकतं वाचायला लागलेल्यांसाठी, चौथी सराईतपणे वाचणाऱ्यांसाठी. त्यांच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, त्यामुळे विकत घेण्याआधी अंदाज येतो.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागतो. सासूबाईंनी वाढदिवसाला 'श्यामची आई' दिलं. "अगं, आम्ही सगळे यावरच वाढलो," म्हणाल्या, आणि ते खरंच आहे. तरी आधी मी ते स्वतः पुन्हा वाचून काढलं. १९३५ सालचं पुस्तक, त्यातलं घर वेगळं, शिस्त वेगळी. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई मारते. शेवटी ती आजारी पडते आणि जाते. वगळत वगळत वाचायचं मला पटेना. पुस्तक बेचाळीस रात्रींत सांगितलेलं आहे, म्हणून आम्हीही झोपताना एकेक रात्र घेतली. अळणी भाजीची गोष्ट आधी वाचली. ती तिला फार आवडली.

पोहण्याच्या रात्री ती उठूनच बसली. "आईनं मारलेलं चालतं का?"

मी म्हटलं, "तेव्हा मारायचे. मी नाही मारणार. पण त्या आईला एवढा राग का आला असेल?"

बराच विचार करून म्हणाली, "सगळे त्याला भित्रा म्हणतील म्हणून."

तिथं मला खात्री वाटली की हे तिला पेलतंय. मूल प्रश्न विचारतंय तोवर वाचत राहावं. गप्प झालं, दिवा चालू ठेव म्हणालं, तर पुस्तक मिटावं. आईच्या आजारपणाच्या रात्री आम्ही झोपताना वाचल्या नाहीत. शनिवारी दुपारी, नवरा घरी असताना वाचल्या. श्यामच्या धाकट्या भावाबद्दल तिनं विचारलं, "आता पुरुषोत्तमला कोण सांभाळणार?" मग, "तुला काही झालं तर मी कुणाकडे?" बाबा, आजी, मामा अशी नावं आम्ही तिघांनी मिळून मोजली, आणि ती खेळायला गेली.

मला जास्त काळजी सोप्या चित्रपुस्तकांची वाटते. मोठी अक्षरं, चार ओळींची पानं, आणि त्यांत काळ्या रंगाला हसणारी राजकन्या, जाड मुलाची टिंगल, दुष्टच असलेली सावत्र आई. तिच्या वर्गात सावत्र आईबरोबर सुखानं राहणारी एक मुलगी आहे. अशा पुस्तकावर '३ वर्षांपासून पुढे' लिहिलेलं असलं तरी ते मी तिला एकटीला देत नाही. भेट आलेलं असेल तर वरच्या फळीवर ठेवते. काढलंच, तर दोघी मिळून वाचतो आणि त्या मुलीला हे ऐकून कसं वाटेल ते बोलतो.