नळाचा वायसर आणि सहा फोटो

“कुठल्या नळाला बसवायचाय?” हार्डवेअरच्या दुकानातल्या काकांनी विचारलं. नळाला नाही, कॅमेऱ्याला, असं सांगायला जीभ रेटेना. “बेसिनच्या,” म्हणालो आणि चार वायसर घेऊन घरी आलो.

कॅमेरा घडीचा आहे. कोडॅकचा, नंबर १-ए ऑटोग्राफिक ज्युनियर. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मिक्सरच्या फुटक्या भांड्यांखाली सापडला. झाकण पाडलं की रुळावरून भाता पुढे ओढायचा. शटर अजून ‘टिच्’ करतं. अडचण एवढीच, की त्याचं खाणं बंद झालंय. त्याला लागतो ११६ नंबरचा फिल्मचा रोल, ७० मिलिमीटर रुंद. तो १९८४ मध्ये बंद झाला. आज मिळतो तो १२०चा. तोही १९०१ पासूनचा म्हातारा, पण अंगाने बारीक: एकसष्ट-बासष्ट मिलिमीटर. म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या फरकापायी अख्खा कॅमेरा शोकेसमध्ये!

काहीजण अशा वेळी कॅमेऱ्यातच कायमचे फेरफार करतात. मला ते बघवत नाही. कॅमेरा शंभरीचा, रोल परवा कुरियरने आलेला. सरकून बसायचं तर रोलनेच.

म्हणून वायसर. भरलेल्या रिळाच्या दोन्ही टोकांना ते लावायचे, म्हणजे रीळ खोबणीत खुळखुळत नाही आणि फिल्म मधोमध चालते. गुंडाळणारं रीळ मात्र जुनं ११६चंच हवं, कारण रोल फिरवायची किल्ली त्याच्याच खाचेत बसते. माझ्या कॅमेऱ्यात ते रिकामं पडलेलं होतं. बाजारवाल्याने ‘कचरा आहे’ म्हणून काढून टाकलं नाही, हे त्याचे उपकार. आतल्या चौकटीच्या दोन्ही कडांना काळ्या कार्डाच्या पट्ट्या चिकटवल्या. त्या नसल्या तर अरुंद फिल्मला कडेचा आधार मिळत नाही आणि ती पोक काढून बसते.

मग रात्री दिवे घालवून भात्यात मोबाईलचा टॉर्च धरला. कोपऱ्याकोपऱ्यांत चांदण्या, म्हणजे बारीक भोकं! दोन संध्याकाळी काळा फॅब्रिक कलर लावण्यात गेल्या. पाठीमागे रोलच्या कागदावरचे फोटोंचे आकडे बघायची लाल खिडकी आहे. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसायचा नाही, म्हणून ती चालायची. आताच्या फिल्मला सगळंच दिसतं. तेव्हा तिच्यावर काळी चिकटपट्टी लावली; रोल फिरवताना ती सावलीत उभं राहून हळूच उचलायची.

पहिला रोल वाया गेला. खिडकीत दिसणारे आकडे सहा सेंटिमीटरच्या चौरस फोटोंसाठी छापलेले. माझा कॅमेरा एकेक फोटो अकरा सेंटिमीटर लांबीचा काढतो. मी आपला इमानेइतबारे प्रत्येक आकड्यावर थांबलो. आईने प्रिंट हातात घेतली आणि विचारलं, “माझ्या कपाळावर स्कूटर कुणी लावली रे?” आता एक आकडा सोडून एक धरतो. रोलमध्ये सहा फोटो. लग्नाच्या हॉलमध्ये लोक सहा सेकंदांत एवढे काढतात.

किती उजेड आत घ्यायचा ते ठरवणाऱ्या भिंगाच्या झडपेवरचे आकडेही जुन्या हिशेबाचे. तिथला ४ म्हणजे आपला एफ/८, तिथला ८ म्हणजे आपला ११. फक्त सोळा दोन्हीकडे सोळाच. गणितात कच्चा असल्यामुळे मी सोळावरून हलत नाही.

रोल संपला की तो जुन्या रिळावर असतो. ते लॅबवाल्याला द्यायची सोय नाही. त्यावरून पुन्हा १२०च्या रिळावर घ्यावा लागतो, मिट्ट काळोखात. भर मे महिन्यात गोधडीत शिरून ते केलंय. बाहेरून आईचा आवाज: “ताप आलाय का?”

एक गोष्ट राहिली. या कॅमेऱ्याच्या पाठीला छोटं दार आहे आणि शेजारी धातूची काडी. फोटो काढला की दार उघडून या काडीने तारीख-गाव लिहायचं. खास कागदातून ते थेट निगेटिव्हवर उमटायचं. आताच्या रोलला तसा कागद नाही. दारही मी पट्टीने बंद केलंय. काडी मात्र रोज लागते. खोबणीतला वायसर आत ढकलायला तिच्याइतकं नेमकं काही घरात नाही.