रामबागेतला जी-फोर : माझा अनुभव

इंदूरला रामबागेत आमच्या ओळखीच्या काकांचा छापखाना होता. तो बंद झाला तेव्हा त्यांनी त्यांचा पॉवर मॅक जी-फोर, ॲपलचा जुना कॉम्प्युटर, मला देऊन टाकला. "ने बाबा, भंगारात घालायला जीव होत नाही," म्हणाले. वर्षानुवर्षं त्याच मशीनवर लग्नपत्रिका मांडल्या होत्या. मला तो हवा होता लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तपासण्यासाठी. जी-फोरमधल्या ३२-बिट पॉवरपीसी प्रोसेसरचा कोड कर्नलमध्ये अजून आहे, पण लिनक्सवरच्या डेबियन या सिस्टिमने २०१७ च्या आवृत्तीपासून या प्रोसेसरचा अधिकृत आधार काढून घेतला, आणि खऱ्या मशीनवर नवा कर्नल चालवून बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

मशीनची मूळ डिस्क गेलेली होती. आतल्या पीसीआय खाचेत डिस्कसाठीचं एक कार्ड लावून नवी डिस्क जोडली, कर्नल लॅपटॉपवरून नेटवर्कने चढवायची सोय केली. जुना कर्नल झकास चालला. नवा चढवला, तर डिस्क शोधता शोधता तिथेच अडकला. एररसुद्धा नाही.

इथून खरं काम सुरू झालं. दोन आवृत्त्यांमध्ये साधारण चौदा हजार बदल. गिट बायसेक्ट हे बिघाड आणणारा बदल हुडकायचं साधन दर वेळी मधला बदल काढून देतं, आपण बूट करून चालला की नाही ते सांगायचं. दर फेरीला उरलेले बदल निम्मे होतात, म्हणजे चौदा फेऱ्या. जी-फोरवरच कंपाइल करत बसलो असतो तर एकेका फेरीला रात्र गेली असती, म्हणून लॅपटॉपवर क्रॉस-कंपायलर (एका मशीनवर दुसऱ्या जातीच्या मशीनसाठी कंपाइल करणारा) बसवला. कर्नलचे मेसेज नेटकन्सोलने, म्हणजे नेटवर्कवरून, लॅपटॉपच्या पडद्यावर येत होते. मे महिना, खोलीत उकाडा आणि पंख्याची घरघर. आई दोनदा विचारून गेली, "अरे, हे बंद होणार आहे की नाही आज?"

नवव्या फेरीला मी चुकलो. मशीनच्या घड्याळाची बॅटरी संपलेली, त्यामुळे प्रत्येक बूटला तारीख कित्येक वर्षं मागे जायची. फाइलसिस्टिमची तपासणी "शेवटचं माउंट भविष्यातलं आहे" म्हणून अडून बसली आणि मी घाईत तो कर्नल 'बिघडलेला' ठरवला. पुढच्या पाचही फेऱ्या फुकट गेल्या. शेवटी बायसेक्टने बोट दाखवलं ते ध्वनीच्या एका ड्रायव्हरकडे (ड्रायव्हर म्हणजे एखादं उपकरण चालवणारा कोड). डिस्कशी त्याचा संबंधच नाही, तेव्हा चूक कळली. नववीपासून पुन्हा सगळं केलं. तेव्हापासून प्रत्येक फेरीचे मेसेज फाइलीत ठेवतो आणि नुसतं 'अडकलं' न लिहिता कुठल्या ओळीवर अडकलं ते लिहितो. हे काम करणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगेन.

मग सापडलं. डिस्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये कुणीतरी साफसफाई करताना एक रूपांतर काढून टाकलं होतं. कार्ड संख्या लिहितं ती लहान किमतीचा बाइट आधी ठेवून. जी-फोर वाचतो मोठा आधी धरून. ५१२ चे चार बाइट कार्डाकडून येतात ते असे : ००, ०२, ००, ००. उलटे न करता वाचले की ५१२ चे होतात १,३१,०७२. ड्रायव्हर एका सेक्टरऐवजी (डिस्कचा ५१२ बाइटांचा तुकडा) २५६ सेक्टरांची वाट बघत बसायचा, आणि ते कधीच येणार नव्हते.

बदल करणाऱ्याला मी दोष देत नाही. इंटेलच्या मशीनवर ते रूपांतर काहीच करत नाही. ओळ असली काय, नसली काय, सारखंच. त्याच्या टेबलावर कितीही टेस्ट घेतल्या असत्या तरी हे दिसलं नसतं. दुसऱ्या मशीनची नक्कल करणाऱ्या क्यूईमू नावाच्या प्रोग्राममध्ये जी-फोरची नक्कल चालते, पण त्यात हे कार्ड नाही. बाइटांचा क्रम तपासणारं स्पार्स नावाचं साधन आहे, तेही गप्प राहिलं, कारण कोडमध्ये त्या संख्येचा टाइप साधा ३२-बिट, बाइटांचा क्रम न सांगणारा, ठेवला होता. ही चूक पकडायला तेच कार्ड लावलेलं असंच मशीन कुणीतरी चालू करायला हवं होतं.

पॅच, म्हणजे दुरुस्तीचा बदल, दोन ओळींचा झाला : रूपांतर परत आणलं आणि टाइप बदलला, म्हणजे पुढच्या वेळी स्पार्स ओरडेल. सोबत, कुठला बदल दुरुस्त केला ते सांगणाऱ्या 'फिक्सेस'च्या ओळीत मूळ बदलाचा क्रमांक दिला. त्या ड्रायव्हरची देखभाल करणाऱ्या मेंटेनरने एकच विचारलं, इंटेलवर चालवून पाहिलं का? पाहिलं होतं. पॅच घेतला.

कर्नलमधून इंटेलच्या जुन्या ३८६ प्रोसेसरचा आधार २०१२ च्या डिसेंबरात काढला गेला, २०१८ मध्ये एकदम आठ आर्किटेक्चर (प्रोसेसरच्या जाती) गेली, इंटेलचंच इटॅनियम कर्नलच्या ६.७ आवृत्तीत गेलं. मला ते निर्णय चूक वाटत नाहीत. कुणी चालवत नसेल, तर तो कोड चालतो असं कशाच्या जोरावर म्हणायचं? पण जी-फोर माझ्याकडे आहे आणि चालतो.

कर्नलची नवी चाचणी-आवृत्ती बहुधा रविवारी येते, आपल्याकडे सोमवार उजाडतो. ऑफिसला निघायच्या आधी मी ती चढवतो. परवाच्या सोमवारी पहिला सेक्टर वाचला गेला, ५१२ बाइट, आणि मी डबा घेऊन निघालो.